अकरा करता करता बारा

जुना लॅपटॉप विकायचं घरात ठरलं की दोन प्रश्न निघतात. पहिला, किती येतील? दुसरा, त्याआधी याला ‘अकरा’ करून टाकायचा का? पहिल्याचं उत्तर घरातल्या कुणालाच पटत नाही, म्हणून सगळे दुसऱ्याच्या मागे लागतात. अकरा म्हणजे विंडोज ११. वर्षानुवर्षं ‘रिमाइंड मी लेटर’वर टिचकी मारत आलेल्या माणसाला लॅपटॉप हातावेगळा करायच्या आदल्या रात्री अद्ययावत होण्याचा उमाळा येतो. स्वतःला जे कधी लागलं नाही, ते परक्याला देताना लागतं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला आणि या उमाळ्याला सबळ कारणही मिळालं. माझं म्हणणं एवढंच, की कुठली सिस्टीम असली म्हणजे लॅपटॉप खपेल याची चिंता विकणाऱ्याने करूच नये. त्याच्या शिरावर खरं काम एकच आहे, लॅपटॉपमधून स्वतःला संपूर्ण बाहेर काढणं. ते नीट केलं की दहा की अकरा याचा निकाल यंत्रच लावतं, मालकाला डोकं शिणवावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो भावाचा. नवी सिस्टीम असली की चार पैसे जास्त येतात म्हणे. पण पात्र लॅपटॉप दहावरून अकरावर न्यायला मायक्रोसॉफ्ट एक रुपयाही घेत नाही. सेटिंग्जमध्ये जायचं, अपडेट दाबायचं आणि दुपारची झोप काढायची. जे गिऱ्हाइकाला घरी नेऊन फुकटात करता येतं, त्याचे पैसे तो कशाला मोजेल? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एखाद्या दुकानदाराच्या हातात लॅपटॉप द्या आणि तो काय विचारतो ते ऐका. कितवी जनरेशन, रॅम किती, एसएसडी की हार्ड डिस्क, बॅटरी किती टिकते, बिल-बॉक्स आहे का. बोलता बोलता तो झाकण दोनदा उघडमीट करून हिंज ढिली झाली का तेही बघून घेतो. सिस्टीमचं तो विचारत नाही, कारण ती तो तशीही फॉरमॅट मारून पुसणार असतो. बैलबाजारात बैलाची शिंगं रंगवून, गोंडे बांधून आणतात. मुरलेला हेडी शिंगांकडे बघत नाही, जबडा उघडून दात मोजतो आणि बैल चार पावलं चालवून पाहतो.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळालं. निबंधाचा गाभा असा, की माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरसकट मधला भाव सांगतो. तो ऐकून चांगला माल असलेला माणूस आपली गाडी घेऊन घरी जातो, आणि बाजारात उरतात ते भंगाराला चकाकी देणारे. अकेरलॉफसाहेबांनी आपल्याकडच्या जाहिराती वाचल्या नसाव्यात, पण निदान अचूक केलं आहे. ‘लेडी यूज्ड’, ‘डॉक्टर ओन्ड’, ‘फक्त ऑनलाइन शाळेसाठी वापरला’, ‘अर्जंट, परदेशी जायचंय’. हे सगळं खरं धरलं तर देशात रात्रभर गेम खेळून लॅपटॉप तापवणारा एकही पुरुष नाही, आणि असलाच तर तो या क्षणी विमानतळावर आहे. जे म्हणायला काही खर्च येत नाही त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ‘विंडोज ११ इन्स्टॉल्ड’ हे वाक्य त्याच रांगेतलं आहे. गिऱ्हाइकाला तपासता येईल असा पुरावा वेगळा असतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ची बॅटरी रिपोर्टची आज्ञा दिली की एक पान तयार होतं. त्यात दोन आकडे शेजारी शेजारी असतात, बॅटरी जन्मली तेव्हाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर उरलेली क्षमता. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असला तर बाकी गप्पा थांबतात. गंमत म्हणजे हे आकडे बॅटरीच्याच चिपमधून येतात. तुम्ही दहा टाका, अकरा टाका, वय लपत नाही.

आता पात्रतेकडे वळू, कारण खरी करमणूक तिथे आहे. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला, आणि येताना दारावर रखवालदार घेऊन आलं. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि यादीत नाव असलेला प्रोसेसर. इंटेलपुरतं बोलायचं तर ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. कंपन्यांच्या लीजवरून परत येऊन जुन्या बाजारात ढिगाने दिसणारे थिंकपॅड टी ४७० आणि टी ४८० शेजारी ठेवून पाहा. तोच काळा रंग, कीबोर्डच्या मधोमध तोच लाल ठिपका, एक बॅटरी आत आणि एक बाहेर ही तीच युक्ती. एकात आय-फाइव्ह ७२००यू असतो, दुसऱ्यात ८२५०यू. ७ ने सुरू होणारा बाहेर, ८ ने सुरू होणारा आत. चालवून बघितलं तर ईमेल, यूट्यूब, एक्सेल दोघांवरही चालतं. ही रेघ मनमानी आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मधला सातव्या पिढीचा प्रोसेसर नंतर यादीत घेतला. रखवालदार कितीही कडक असला तरी मालकाच्या लेकराला तो कसा अडवणार? पण रेघ मनमानी असली म्हणून ती पुसली गेली असं होत नाही. लॅपटॉप ज्याच्या घरी जाणार आहे, त्याला रेघेच्या कुठल्या बाजूला राहायचंय हे आधी कळलं पाहिजे.

नेमकं इथेच मागच्या दाराचं आकर्षण सुरू होतं. ‘रूफस’ नावाचं एक फुकट साधन आहे. त्याने तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून अपात्र लॅपटॉपवरही अकरा चढतं आणि रखवालदाराला पत्ता लागत नाही. गल्लीतला कॉम्प्युटरवाला हे काम चहा गार व्हायच्या आत करून देतो. चालतंय ना, मग काय बिघडलं, असा दुसरा आक्षेप. स्वतःच्या लॅपटॉपवर केलं तर काहीच बिघडलं नाही. माणूस आपल्या जोखमीवर काय वाटेल ते करतो. मात्र मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगून ठेवलंय की अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी नाही. होम आणि प्रो या प्रकारांत दरवर्षीच्या आवृत्तीला २४ महिनेच आधार असतो. पुढची आवृत्ती अशा यंत्रावर आपणहून येत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह आणि पुन्हा मागचं दार. २०२४ च्या आवृत्तीने तर काही फार जुन्या प्रोसेसरांना सुरूच व्हायचं नाकारलं, कारण तिला लागणारी एक आज्ञा त्यांना येतच नाही. म्हणजे विकणाऱ्याने आज चढवलेलं अकरा दीड-दोन वर्षांनी घेणाऱ्याच्या घरी बारा वाजवतं, आणि तेव्हा तुमचा नंबर ‘लॅपटॉपवाले काका’ म्हणून त्याच्या फोनमध्ये असतो.

पात्र लॅपटॉपला मात्र अकरा करावं, असं माझं सरळ मत आहे. फक्त ‘अपग्रेड’ केलं म्हणजे संपलं असं समजू नये. अपग्रेडचा सगळ्यात मोठा गुण हा, की ते तुमचं काहीही हलवत नाही. फोटो, फाइली, प्रोग्रॅम, सगळं जागच्या जागी. विकणाऱ्यासाठी नेमका हाच दुर्गुण. शिवाय जुनी सिस्टीम ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये दडून बसते आणि १० दिवसांपर्यंत ‘गो बॅक’ दाबून माघारी जाता येतं. मुलाचा दहावीचा निकाल, सोसायटीच्या भांडणातले ईमेल, आधार कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि ब्राउझरने प्रेमाने लक्षात ठेवलेले बँकेचे पासवर्ड एका अनोळखी माणसाला देऊन वर त्याला माघारी जायचीही सोय करून द्यायची, असा हा व्यवहार. म्हणून अकरा झाल्यावर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडायचं आणि आत ‘क्लीन डेटा’चा पर्याय चालू करायचा. दुकानदार करून देतो म्हणाला तरी हे स्वतः घरी करावं. पुसायच्या आधी बघायला त्याला कोण अडवणार?

दुकानात अजून एक उदारपणा वाट बघत असतो: ‘प्रो टाकून देतो, ऑफिससकट.’ विंडोज ८ च्या काळापासून सिस्टीमसह विकल्या गेलेल्या लॅपटॉपची लायसन्स-किल्ली मदरबोर्डवरच असते. होम आलेल्या लॅपटॉपवर पुन्हा होम टाकलं तर इंटरनेट मिळताच ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, एक पैसा पडत नाही. प्रो टाकलं की ती किल्ली त्या कुलपाला बसत नाही. मग दुकानदार कंपन्यांसाठी असलेल्या ॲक्टिव्हेशनच्या पद्धतीची चोरटी नक्कल वापरतो. त्या पद्धतीची मुदत मुळात १८० दिवसांची असते. नूतनीकरण करणारी ती चोरटी खटपट अँटीव्हायरसने उचलून फेकली, की सहा महिन्यांच्या आत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं उगवतात आणि सेटिंग्जमधून वॉलपेपरही बदलता येत नाही.

सगळ्यात खोल खड्डा अकाउंटचा आहे. ‘सेटअप करून दाखवतो’ म्हणून विकणारा स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत शिरतो आणि तसाच लॅपटॉप देऊन टाकतो. २०२४ च्या आवृत्तीपासून कोऱ्या इन्स्टॉलनंतर असं अकाउंट जोडलं की बहुतेक लॅपटॉपांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि कुलपाची ४८ आकडी किल्ली जमा होते ती त्या अकाउंटमध्ये, म्हणजे विकणाऱ्याच्या. पुढे कधीतरी बायोस अपडेट होतं, पडदा निळा होतो आणि ते ४८ आकडे मागतो. रात्री साडेअकराला आलेल्या फोनवर अनोळखी माणसाला ४८ आकडे वाचून दाखवणं हा विक्रीपश्चात सेवेचा मासला कुणालाही मानवणार नाही. कंपनीच्या लॅपटॉपची तऱ्हा आणखी न्यारी. कंपनीने त्याची नोंद मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत ठेवलेली असेल तर कितीही रीसेट मारा, इंटरनेट लागताच तो कंपनीच्या नावाने स्वागत करतो आणि ऑफिसचा ईमेल मागतो. जुना लॅपटॉप घेतला आणि नोकरीही लागली, असा आनंद काही क्षण टिकतो. ही नोंद कंपनीच काढू शकते, म्हणून असा लॅपटॉप विकण्याआधीच रीसेट करून आणि इंटरनेट जोडून बघायचं. एरवी रीसेटनंतर देश कुठला असं विचारणारा पडदा आला की तिथेच थांबायचं. भारत निवडायचं काम नव्या मालकाला करू द्यावं, त्याला तेवढंच गृहप्रवेशाचं समाधान.

राहिला नैतिक आक्षेप: सांभाळ संपलेलं दहा दुसऱ्याच्या गळ्यात मारणं बरोबर आहे का? न सांगता मारलं तर नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० बंद पडलेलं नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. ग्राहकांसाठी वाढीव दुरुस्त्यांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली गेली, पण तिची नोंद मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी बांधलेली असते. विकणाऱ्याने नाव घातलं असलं तरी घेणाऱ्याला आपलं वेगळं घालावं लागतं. हे सांगायला दोन वाक्यं पुरतात. अपात्र लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून द्यावं असं काही सज्जन सुचवतात. ब्राउझर आणि यूट्यूब एवढंच लागणाऱ्या विद्यार्थ्याला ४ जीबीवर ते अकरापेक्षा सुखाचं पडेल. पण दुकानाचा हिशेब टॅलीवर आणि लग्नपत्रिका कोरलड्रॉवर करणाऱ्या माणसाला ते दिलं तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील. गिऱ्हाईक कोण हे माहीत असेल तरच हा उपाय.

मग जाहिरात अशी द्यायची: ‘थिंकपॅड टी ४७०, आय-फाइव्ह, सातवी जनरेशन, ८ जीबी, २५६ एसएसडी. बॅटरी मूळ क्षमतेच्या साठ टक्के, रिपोर्ट दाखवतो. विंडोज १० प्रो, मूळ लायसन्स, कोरं. अकरा अधिकृतपणे चालत नाही, टाकून मिळणार नाही. एक यूएसबी पोर्ट ढिला आहे.’ यावर पहिला मेसेज येईल, ‘लास्ट प्राइस?’ दुसरा येईल, ‘अकरा टाकून द्याल का?’ तिसरा नुसताच हात जोडलेला इमोजी. यांना सावकाश उत्तर दिलं तरी चालतं. ‘रिपोर्टचा फोटो पाठवा आणि पोर्ट नक्की कुठला तेही सांगा’ असं जो लिहील, त्याला पत्ता कळवावा.