बॉनेटखालची बरणी

माझी गाडी पाण्यावर चालते, असं मी कधीच कुणाला सांगत नाही. ‘थोडीफार पाण्यावरही चालते’ एवढंच म्हणतो, बॉनेट उघडतो आणि बाजूला उभा राहतो. पुढचं काम बरणी करते.

बरणी म्हणजे वॉटर फिल्टरचा जुना पारदर्शक डबा. त्यात स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या, डिस्टिल्ड वॉटर आणि बेताचं कॉस्टिक पोटॅश. इंजिन चालू झालं की पट्ट्यांवरून बारीक बुडबुड्यांचे पडदे उठतात. हायड्रोजन दोन भाग, ऑक्सिजन एक. हा वायू शेजारच्या पाणी भरलेल्या दुसऱ्या डब्यातून एअर फिल्टरकडे जातो. आग उलटी फिरलीच, तर ती त्या पाण्यात विझावी म्हणून हा डबा. एकदा त्याचं झाकण पार्किंगच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. मी त्याला प्रात्यक्षिक म्हणालो, सोसायटीने नोटीस दिली.

खरा आनंद ट्यूनिंगमध्ये आहे. पोटॅश वाढवलं की अँपिअर वाढतात, त्याने पाणी तापतं, तापलेलं पाणी आणखी अँपिअर ओढतं. स्टील हलकं निघालं तर पाण्याचा रंग चहावर जातो आणि तळाशी गाळ बसतो. हे सगळं सांभाळून मी काटा १५ अँपिअरवर आणला आहे. सहा घरांच्या बरणीतून तेवढ्यात मिनिटाला साधारण एक लिटर वायू निघतो. माझं १.२ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला, पूर्ण दाबलं तर, मिनिटाला हजारभर लिटर हवा ओढतं. दर्यामें खसखस! शिवाय ही खसखस पिकवायला अल्टरनेटर २०० वॅट देतो आणि ती जाळून सव्वाशेच्या आसपास परत येतात. मधली तूट पेट्रोल भरून काढतं. हा हिशेब मला येतो. मी तो पेन्सिलीने करतो, एवढंच.

त्यात गाडीचा कॉम्प्युटर. सायलेन्सरच्या वाटेवरच्या सेन्सरला जादा ऑक्सिजनचा वास आला की त्याला वाटतं, इंजिन उपाशी आहे. तो पेट्रोल वाढवतो. म्हणून सेन्सरच्या वायरीत एक छोटं सर्किट बसवतात, ते कॉम्प्युटरला खोटं सांगतं. मी तेही बसवलं. मग इंजिन चढावर खडखडू लागलं. खोटं पचायला सवय लागते.

खोट्यावरून आठवलं. आपल्याकडे पगार विचारला की माणूस विषय बदलतो, पण गाडीचं अ‍ॅव्हरेज न विचारता सांगतो आणि दोन किलोमीटर वर सांगतो. ऐकणारा मनातल्या मनात दोन वजा करतो आणि स्वतःचं सांगताना चार मिळवतो. आमचे एक शेजारी खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत न्यूट्रलमध्ये उतरले होते. तो आकडा ते वर्षभर पुरवून खातात. वास्तविक इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये घाट उतरलात, तर पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं. पण हे सांगून त्यांचा घाट कोण हिरावून घेणार? दुसऱ्यांची रीत शास्त्रोक्त, टाकी ते टाकी. आधीच्या खेपेला गाडी गदागदा हलवून गळ्यापर्यंत भरायचं, पुढच्या खेपेला नोझलच्या पहिल्या ‘टक’लाच हात वर करायचा. पंपावरचा पोरगा ‘राउंड फिगर करू का?’ म्हणाला, तर त्याच्याकडे शत्रूसारखं पाहायचं. ही रीत मी त्यांच्याकडूनच उचलली.

बाबांची मात्र स्कूटर होती आणि एलआयसीची डायरी. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. सिग्नलला इंजिन बंद, उताराला बंद. पेट्रोल संपत आलं की स्कूटर एका अंगावर कलती करून किक मारायचे, आणि पुढे उभा असलेला मी मान खाली घालायचो, वर्गातलं कुणी बघू नये म्हणून. त्या डायऱ्या परवा माळ्यावर सापडल्या. मागच्या पानांवर आम्हा भावंडांच्या फिया, त्याच निळ्या शाईत. नीट तपासलं. कुठेही दोन किलोमीटर वाढवलेले नाहीत.

असो. १९९६ साली अमेरिकेतल्या ओहायोच्या कोर्टाने पाण्यावर गाडी चालवतो म्हणणाऱ्या स्टॅन्ली मायरला फसवणुकीबद्दल गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. त्याच साली तामिळनाडूतला रामर पिल्लै झाडपाल्यापासून पेट्रोल करतो म्हणून देशभर गाजत होता. २०१६ साली त्याला शिक्षा झाली. त्यांच्या पंगतीत मला बसवू नका. मी कुणाचा पैसा घेतलेला नाही, गेला तो माझाच.

आणि माझं अ‍ॅव्हरेज खरंच वाढलं आहे! गॅरेजवाल्याने कारणही सांगितलं. “काका, बरणी बसवल्यापासून तुम्ही पन्नासच्या वर जात नाही, ब्रेक मारत नाही. बरणीची वायर काढा, असेच महिनाभर चालवा. काय ते कळेल.”

कळेल, यात मला शंका नाही. म्हणूनच वायर काढलेली नाही. येताना डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन आलो.