पालकमंत्री

कोथरूडमधल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत सकाळी सहाला खाली उतरा, एक गृहस्थ दिसतीलच. डोक्याला कानटोपी, डाव्या हातात जुन्या वर्तमानपत्राची घडी, उजव्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला एक लॅब्राडॉर. कोण कोणाला फिरवतंय हे सांगणं कठीण. हे कुत्रं त्यांनी आणलेलं नसतं. ते मुलानं आणलेलं असतं, २०२०च्या टाळेबंदीत, घरून काम करताना करमत नाही म्हणून. मग टाळेबंदी उठते, मुलाला डब्लिनची नोकरी लागते आणि "दोनच वर्षांचा प्रश्न आहे, बाबा" असं म्हणून तो विमानात बसतो. जिल्हा आपला नसला तरी ध्वजारोहण करावंच लागतं, तसं बाबांचं होतं. म्हणून आमच्याकडे या जमातीला पालकमंत्री म्हणतात. सोसायटीत सध्या असे तीन आहेत. त्यांतले ज्येष्ठ आमचे नाना.

नाना जिल्हा परिषदेतून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. ब्रूनो घरात आला त्या दिवशी त्यांनी लेखी विरोध नोंदवला होता. लेखी म्हणजे खरोखरच लेखी. मुद्देसूद कागद करून तो फ्रिजवर चुंबकानं लावला होता. चुंबक खाली पडला आणि ब्रूनोनं कागद खाल्ला. विषय दप्तरी दाखल झाला.

मुलगा गेल्यावर मात्र नानांनी रीतसर कार्यभार स्वीकारला. लाल कापडी बांधणीची वही आणली, पट्टीनं रकाने आखले: दिनांक, वजन, लस, जंताचं औषध, गोचीड (संख्या), शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच मजकूर असतो: "सकाळची समाधानकारक." हे कशाबद्दल, ते पालकमंत्र्यांना सांगावं लागत नाही. बागेतल्या बाकावर तिघे जमले की पहिला अर्धा तास याच एका विषयावर जातो, घट्ट, मध्यम, पातळ, आणि तोही इतक्या गांभीर्यानं की चहा घेऊन आलेला माणूस चहा घेऊन परत जातो.

शिकवणीसाठी मुलानं एक प्रशिक्षक ठरवून दिला होता. नानांनी त्याला दुसऱ्याच आठवड्यात निरोप दिला. ब्रूनोशी ते कार्यालयीन मराठीत बोलतात. "बसावे." ब्रूनो बसतो. "थांबावे." थांबतो. "तोंडातील वस्तू तात्काळ सोडावी." यावर मात्र तो थोडा वेळ मागून घेतो. रविवारी डब्लिनहून व्हिडिओ कॉल येतो, मुलगा उत्साहानं "ब्रूनो, सिट!" म्हणतो आणि ब्रूनो नानांकडे पाहतो. वरिष्ठांच्या सहीशिवाय बाहेरचा आदेश तो मानत नाही.

खरा संघर्ष खाण्यावरून. नानांच्या पत्नी माईंचं म्हणणं साधं आहे: दारात मुकं जनावर बघत बसलंय आणि आपण पुरणपोळी खातोय, हे पाप आहे. ब्रूनोची ती नजर ज्यांनी पाहिली आहे त्यांना माईंची बाजू पटते. मलाही पटते. पण कार्यभार हाती आला तेव्हा ब्रूनोचं वजन ४१ किलो होतं. नानांनी ते कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर केलं. आजही दर महिन्याच्या एक तारखेला तिथेच करतात. ब्रूनो काट्यावर चढून शांत बसतो आणि एखादं नवखं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "किलोला काय भाव लावला?"

नानांनी अभ्यास सुरू केला. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलंय की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरांत 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही. "तो भुकेला नाही, त्याचं टपालखातं बिघडलंय," असं नानांनी माईंना समजावलं. माई म्हणाल्या, "मग तुमचंही बघून घ्या." दुसरा पुरावा अधिक भक्कम होता. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांच्या जोड्या लावून त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं, जन्मभर. २००२ साली निकाल आला: कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरले. माईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या वाड्यावरचा मोत्या ताकभाकरीवर चौदा वर्षं जगला." नाना म्हणाले, "भाकरीमागे पंधरा एकर रानही होतं त्याला. याला साडेसातशे चौरस फूट आहे, तेही बिल्टअप."

अखेर तह झाला. वाटी मोजून दोन वेळा जेवण, मधल्या वेळी काकडी किंवा गाजर. स्वयंपाकघराच्या दारावर मनाई असलेल्या जिनसांची यादी लागली. कांदा आणि लसूण, कारण त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे, कारण मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट. झायलिटॉल घातलेलं साखरमुक्त च्युइंगगम. यादी वाचून माई हबकल्या, कारण कांदालसणाशिवायचं आणि बेदाण्यांशिवायचं या घरात शिजतं काय, तर फक्त वरणभात. तेव्हापासून शिऱ्यात बेदाणे पडत नाहीत. तेवढ्यासाठी मी ब्रूनोवर किंचित नाराज आहे.

यातली गंमत अशी की ब्रूनोवर उघड प्रेम करणारी माणसं सोसायटीत पुष्कळ आहेत. कोणी त्याच्या वाढदिवसाला केक आणतं, कोणी गळ्यात बो बांधून फोटो काढतं. मुलानं डब्लिनहून पिवळा रेनकोट पाठवलाय, त्याला टोपीही आहे. हे सगळे गेले की नाना ट्यूबलाइटखाली स्टूल ओढतात, दोन चष्मे एकावर एक चढवतात आणि गोचीड शोधायला बसतात. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात. पावसाळ्यात हा कार्यक्रम रोज. गोचिडीनं ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, खाणारं जनावर खायचं थांबतं, म्हणून नाना हिरडीही दाबून पाहतात, दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत आला तर "समाधानकारक." घरात थर्मामीटर दोन आहेत. ब्रूनोच्या थर्मामीटरला लाल धागा बांधलेला आहे आणि तो कुठं लावतात हे माहीत असलेला पाहुणा आपला ताप हाताच्या अंदाजानंच पाहा म्हणतो. कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असायचंच, हे नानांना समजण्यापूर्वी एका रात्री ब्रूनोच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या पडल्या होत्या. त्यानं त्याही खायचा प्रयत्न केला.

एप्रिल-मेमध्ये नाना डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून उभे, म्हणजे वाकलेले, दिसतात. हात पाच सेकंद टिकला तर फेरी, नाही तर परत. रस्त्यानं जाणारे विचारतात, काही पडलंय का? दुसरे पालकमंत्री, ज्यांच्या नशिबी सायबेरियाचा हस्की आलाय, ते उन्हाळ्यात बाहेरच पडत नाहीत. हस्की एसीत असतो आणि ते स्वतः गॅलरीत, विजेचं बिल वाचत.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चरची पुण्यतिथी. त्या दिवशी सूचनाफलकावर नानांचं परिपत्रक लागतं: "सर्व संबंधितांनी आपापल्या प्राण्यांचे वार्षिक लसीकरण झाल्याची खातरजमा करावी. हयगय झाल्यास गांभीर्याने घेतले जाईल." कोण गांभीर्यानं घेणार हे लिहिलेलं नसतं, पण सगळे लस देऊन येतात. घाण उचलण्याच्या बाबतीतही नाना काटेकोर. त्यासाठी ते पानं निवडून ठेवतात. संपादकीय पान पातळ पडतं, जाहिरातींचं गुळगुळीत पान निसटतं. सगळ्यांत उत्तम रविवारची पुरवणी. मी पुरवणीत लिहितो, हे त्यांना माहीत आहे. "तुमचा मागचा लेख चांगला उपयोगी पडला," असं ते मला परवा मनापासून म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फराळाचं ताट घेऊन गेलो तर माईंनीच दार उघडलं. "हे बाथरूममध्ये आहेत. ब्रूनोबरोबर." घरात फटाक्यांचा आवाज सगळ्यांत कमी येणारी जागा तीच. आत सतरंजी अंथरलेली, पंख्याची घरघर मुद्दाम सुरू, आणि नाना पाठ टेकून मोठ्यानं जिल्हा परिषद लेखासंहिता वाचतायत. ब्रूनोचं डोकं त्यांच्या मांडीवर, गाढ झोपेत. "कलम बदललं की जागा होतो," नाना कुजबुजले. चकली त्यांनी तिथेच खाल्ली.

यंदा मुलाचा फोन आला. घर घेतलंय, मागे अंगण आहे, आता ब्रूनोला घेऊन जातो. नाना म्हणाले, "जरूर. कागदपत्रं बघतो." आयर्लंडचे नियम त्यांनी छापून आणले. आधी मायक्रोचिप, चिपनंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, रक्त काढल्यापासून पुढे तीन महिने प्रतीक्षा. चिपच्या आधी टोचलेली लस ग्राह्य नाही. नानांनी लाल वही काढून तपासलं: ब्रूनोच्या सगळ्या लसी चिपच्या आधीच्या. सबब पुन्हा पहिल्यापासून. चिप बसवायला ते गेले तेव्हा डॉक्टर रजेवर होते. नंतर पावसाळा होता. त्यानंतर पितृपक्ष होता.

परवा मुलानं सगळे अर्ज स्वतः भरून पाठवले. नाना हिरव्या शाईचं पेन घेऊन रात्री उशिरापर्यंत बसले होते. सकाळी ते बागेत आले, पट्टा सोडला, ब्रूनोला "फिरून यावे" म्हणाले आणि बाकावर बसून दुसऱ्या दोन पालकमंत्र्यांना ती फाइल दाखवली. पान चारवर ब्रूनोचा रंग 'पिवळा' लिहिला होता, वहीत 'फिकट बदामी' असा होता. समासात हिरव्या अक्षरांत शेरा होता: "तफावत. त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे."

"यात किती जातील?" हस्कीवाल्यांनी विचारलं.

"नियमाप्रमाणे जेवढे जायचे तेवढे," नाना म्हणाले आणि ब्रूनोनं झुडपामागे काय केलं ते बघायला पुरवणी घेऊन उठले.