वऱ्हाड बहिर्गमन कर : एक मसुदा

अमेरिकेत ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये एक विधेयक मांडलं. अमेरिकन कंपनीनं परदेशातून काम करून घेतलं तर त्या बिलावर २५ टक्के कर, आणि ते बिल खर्च म्हणून आयकरातही दाखवायचं नाही. मोरेनोसाहेब स्वतः कोलंबियात जन्मले. माणसानं कुठंही जावं, पण कामानं घर सोडू नये, असं त्यांचं मत दिसतं. बातमी आली तशी पुण्याच्या आयटीवाल्या हिंजवडीपेक्षा जास्त धास्ती अमरावतीच्या साईनगरात आणि अकोल्याच्या गोरक्षण रोडवर पसरली. कारण पोरगं तिकडे, त्याचा पगार अमेरिकेच्या भरवशावर, आणि घराचा हप्ता इकडे.

आमच्या कॉलनीत विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. कर हा शब्द ऐकला की त्यांच्या गुडघ्यात पुन्हा बळ येतं. राजकमल चौकात चहा पिता पिता ते म्हणाले, "अमेरिका करून राह्यली, तर आपल्या वऱ्हाडानं काहून नाही करावं?" आणि खिशातल्या पावतीच्या पाठीमागे त्यांनी 'वऱ्हाड बहिर्गमन कर' लिहायला घेतला.

पहिल्याच कलमाला गाडी अडली. बाहेर जाणाऱ्या रोजगारावर कर लावायचा तर रोजगार आधी इथे असावा लागतो. साहेबांनी शांतपणे 'रोजगार' खोडून 'पोट्टे' लिहिलं. रोज रात्री अमरावती-अकोल्याहून ट्रॅव्हल्स भरभरून पुण्याला जो माल जातो, तो करपात्र. अभियांत्रिकी पदवीसह गेल्यास २५ टक्के, डिप्लोमावर १८. 'मुलगा पुण्यातच पाहिजे, फ्लॅटसह' असं बायोडाटावर छापणाऱ्या वधूपित्याला ४० टक्के, कारण ती मागणी जीएसटीच्या नव्या रचनेत चैनीच्या आणि घातक वस्तूंत मोडते.

करानं रोजगार वाचतो यात मला शंका नाही. वाचलेला आहे, फक्त आपला नव्हे. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतलं ते काही मेळघाटची हवा खायला नाही. निजामाच्या फौजेची थकबाकी हे निमित्त. नजर इथल्या काळ्या मातीवर आणि तिच्यातल्या पऱ्हाटीवर. १८७० मध्ये खामगावपर्यंत खास कापसासाठी रेल्वेचा फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापूस मुंबईमार्गे लँकेशायरला, कापड तिकडून इकडे. पुढे हिंदुस्थानात गिरण्या निघाल्या, आमच्या बडनेऱ्यातही निघाली, तशी लँकेशायरच्या मालक-मजुरांना एकदम सारखीच कळ आली : आमचं काम चाललं! मग १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसलं. विलायती कापडावर जितकी जकात, तितकाच कर देशी कापडावर. न्याय म्हणजे न्याय. तो उठायला १९२५ चा डिसेंबर उजाडला. तेव्हा मोरेनोसाहेबांनी पेटंटचा अर्ज करू नये.

स्वातंत्र्यानंतर आपण दंडाचा भाग सोडला आणि लाडाचा ठेवला. १९६४ पासून महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तिच्यात तालुक्यांना अ, ब, क, ड आणि ड-प्लस असे शेरे मिळतात. जितका शेरा वाईट तितकं बक्षीस मोठं, अशी ही राज्यातली एकमेव शाळा. आणि वऱ्हाडातले बहुतेक तालुके तिथे वर्षानुवर्षं ड-प्लसमध्ये पहिले येतात. इथे कारखाना काढा : राज्याचा जीएसटी परत, मुद्रांक शुल्क माफ, विजेवरचं शुल्क माफ. बदल्यात ८० टक्के माणसं स्थानिक घ्या. स्थानिक म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला कोणीही. सावंतवाडीचा माणूस धारणीत स्थानिक, आणि धारणीहून हाकेवरचा बुऱ्हाणपूरचा माणूस परका.

अटी मोडल्या तर दिलेली सवलत वसूल करता येते, हेही कागदावर आहे. मी साहेबांना विचारलं, "मग वसूल होते का?" ते म्हणाले, "कोनाकून? कारखाना बंद झाला की फाटकावर एकटा चौकीदार भेटते. तोच आपला ऐंशी टक्के स्थानिक."

सक्तीचा रस्ता इतरांनी करून पाहिला. हरयाणानं खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के भूमिपुत्रांचा कायदा केला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द ठरवला. कर्नाटकनं जुलै २०२४ मध्ये तसंच विधेयक आणलं आणि उद्योगपतींनी डोळे वटारताच दोन दिवसांत थंड बस्त्यात टाकलं. म्हणजे सवलतीला मुदतवाढ मिळते, दंडाला स्थगिती.

आमच्याकडे रोजगार कधी आलाच नाही असं मात्र कोणी म्हणू नये. मुंबईची फिनले मिल अचलपुरात आली होती! मुंबईचं काम वऱ्हाडात, हा उलटा प्रवाह पाहून सातपुडासुद्धा चकित झाला असेल. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची (एनटीसी) ही गिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंद झाली. टाळेबंदी उठली, टाळं राहिलं. इथे पळून जाणाऱ्या मालकावर कर लावावा तर मालक केंद्र सरकार. टाळं शकुंतला रेल्वेलाही लागलं : कापसासाठी आली, कापूस नेला, आणि अचलपूरला जाणारे डबे बंद.

आता नांदगाव पेठेला कापड उद्योगाचं पीएम मित्र पार्क येतंय. देशात अशी सात, त्यांतलं एक आपलं. प्रत्येक पार्कामागे ३०० कोटींची प्रोत्साहन रक्कम, कारखान्याला उलाढालीच्या ३ टक्क्यांपर्यंत. त्याचा कोनशिला समारंभ पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी केला, वर्ध्याहून. नोकऱ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून काढलेल्या पार्कचं भूमिपूजनच बाहेर गेलं, पण वर्धा विदर्भातच असल्यामुळे साहेबांनी ते करमुक्त ठेवलंय. तिकडे राज्याचं २०२३ चं वस्त्रोद्योग धोरण म्हणतं की राज्यातच प्रक्रिया होणारा कापूस ३० टक्क्यांवरून ८० वर न्यायचा. म्हणजे लॉर्ड मेयोनंतर दीडशे वर्षांनीही गाठी बहुतेक परराज्यांतच सुटतात, हे सरकारनंच लिहून दिलं. एवढी प्रामाणिक टक्केवारी सरकारी कागदात क्वचित भेटते.

दंड मात्र आपल्याला वेळेवर मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. तिरुपूरच्या कापड कारखान्यांतले रोजगार धोक्यात आले. ते वाचवायला सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमकं आमचा कापूस वेचून घरात येण्याच्या दिवसांत. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये कागदावर होता, आणि व्यापाऱ्याचा भाव त्याच्या खाली. तिरुपूरच्या शिलाईवाल्याची नोकरी वाचावी, त्यात वाद नाही. पण ती कुणाच्या खिशातून वाचवायची हे विचारलं की समोरचा हवामानावर बोलायला लागतो.

साहेबांच्या मसुद्यात शेवटचं कलम चांगलं आहे. जो कधीच कुठे गेला नाही, त्याला पूर्ण सवलत. बाजूच्या बाकावर दर्यापूरकडचे एक कास्तकार बसले होते, ते लगबगीनं जवळ सरकले.

"साहेब, मंग मी बसतो त्याच्यात. आजा, बाप, मी, तिघंही एकाच वावरात."

"जीएसटी नंबर हाय?"

"नाई. पण फवारणीच्या औषधावर १८ टक्के भरतो ना मी."

"ते तू भरतं, बापा. परत मिळाले नंबर लागते. बरं, नवीन गुंतवणूक काय?"

"पऱ्हाटी. दरसाल नवीनच असते."

"ते नाई चालत. नवीन घटक पाह्यजे." साहेबांनी बराच विचार केला. अडतीस वर्षांच्या नोकरीत पळवाट न सापडलेला अर्जदार त्यांना बघवत नसे. "असं कर. एकडाव वावर मध्य प्रदेशात हलव. बुऱ्हाणपूर जवळच हाय. तिथून आपल्या उद्योगमंत्र्याले पत्र लिही का मी वापस यायचा विचार करून राह्यलो. मंग ड-प्लस लागते, जमीन मिळते, वीज स्वस्त, सारं."

"पण साहेब, वावर नेऊ कसं?"

"वाहतूक अनुदानाचं कलम टाकतो," म्हणत साहेबांनी पावती उलटी केली.