मेंदू : पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

अभिनंदन! आपल्या कवटीत मेंदू नावाचं यंत्र आधीच बसवलेलं आहे. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण १,४०० ग्रॅम भरतं. सोबत माहितीपत्रक मिळत नसल्यामुळे बरेच जण ते वर्षानुवर्षं कोरं करकरीत ठेवतात. त्याने काही बचत होत नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेलं हे यंत्र २० टक्के ऊर्जा खातं आणि आपण विचार केला नाही म्हणून बिल फारसं कमी येत नाही.

सरावाला लागणारं साहित्य : रविवारची सकाळ, नाशिकचा गंगापूर रोड आणि एक मिसळ. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, १९९८ साली स्थापन झालेलं. पण त्याच्या कॉलेजात डॉक्टरकी शिकायला ‘नीट’ द्यावी लागते. इथे मिसळीला नुसता नंबर लावला की झालं.

आता कढत रश्श्याची स्टीलची वाटी उचला. हात झटकन मागे आला ना? तो आपण घेतला नाही. बोटांचा निरोप पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंत गेला आणि स्नायूंना हुकूम तिथूनच सुटला. मेंदूला बातमी मागाहून कळली. ‘आई गं’ हे त्याचं उशिराचं निवेदन. मेरुरज्जू म्हणजे ४५ सेंटिमीटरचा कारकून, पण साहेबांची वाट न पाहता सही ठोकतो. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. सरकारी कामात हिचा वापर अजून सुरू झालेला नाही.

घास घ्या. जीभ भाजली असं वाटेल, पण भाजलेली नसते. चेतातंतूंच्या टोकांवर साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता ओळखायला एक ग्राहक प्रथिन नेमलेलं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं आणि खोटी वर्दी देतं. हे प्रथिन शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे गोड, आंबट, खारट या चवी. तिखट ही वेदना. ती मस्तकातल्या पाचव्या चेतेवरून वर जाते. आग लागल्याचं ऐकून स्वायत्त चेतासंस्था सगळे नळ सोडते : कपाळाला घाम, नाकाला धार, डोळ्यांत पाणी. अशा वेळी पाणी पिणं ही नवशिक्यांची हमखास चूक. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दह्यातलं केसिन त्याला धरून नेतं. ताटातली दह्याची वाटी शोभेला नसते.

एवढं होऊनही ‘दादा, रस्सा आणा’ अशी हाक कोण मारतं? प्रमस्तिष्क. गणित, भाषा, आठवण, योजना, सगळं याच्याच खात्यात. हा खोडसाळपणाही त्याचाच. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. पण त्यांतल्या बहुतेक मागच्या बाजूच्या चिमुकल्या अनुमस्तिष्कात बसतात आणि चमचा नाकात न जाता तोंडात जाईल हे बघतात. घरोघरी हीच वाटणी. त्याखालचं मस्तिष्कपुच्छ श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळतं. त्याच्या कामात लुडबूड करू नये.

सुटे भाग मिळत नाहीत. मेलेल्या चेतापेशींच्या जागी बहुतेक ठिकाणी नव्या येत नाहीत. म्हणूनच कारखान्याने यंत्र हाडाच्या पेटीत, तेही पाण्यासारख्या द्रवात तरंगत ठेवलंय. ही पेटी माणसाच्या चालण्याच्या वेगाला पुरते. द्वारका चौकातल्या वेगाला नाही. २०२१ मध्ये नाशिक पोलिसांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असं ठरवलं, तेव्हा काही हुशार मंडळींनी दुसऱ्याचं हेल्मेट मागून टाकी भरून घेतली. एवढी युक्ती सुचायला प्रमस्तिष्क चांगलंच तल्लख लागतं. अडचण इतकीच की युक्ती सुचली त्याच डोक्यावर नंतर काही उरलं नाही.

तेव्हा मिसळ झाली, हात धुतले, की गाडीच्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट काढून डोक्यावर घाला. आणि खालचा पट्टा लावा.