अप्पर, लोअर आणि मधला मी

टेक्सासमध्ये राहून ज्याच्याकडे बंदूक नाही, त्याच्याकडे लोक कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा न चाखलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. त्यामुळे अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर मी एआर-१५ घ्यायचं ठरवलं. युजीन स्टोनर या अभियंत्याने १९५० च्या दशकात आखलेली ही रायफल. तिचे हक्क १९५९ मध्ये कोल्ट कंपनीकडे गेले आणि पुढे तिचीच अमेरिकन सैन्याची एम-१६ झाली. ही माहिती मी गणेशोत्सवात आरतीच्या रांगेतही लोकांना देत असे. विचारत कुणीच नव्हतं.

तर या रायफलीचे दोन तुकडे असतात, वरचा अप्पर आणि खालचा लोअर. पुढे एक पिन, मागे एक पिन, की झाली रायफल. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त लोअर. नंबर त्याच्यावर, दुकानातला फॉर्म त्याच्यासाठी, पूर्वेतिहासाची तपासणीही त्याच्यासाठीच. नळी आणि बोल्ट असलेला अप्पर मात्र कुरिअरने सरळ दारात येतो. आमच्या हिने तो आपला मागवलेला कुकर समजून सही करून घेतला, आणि खोकं उघडल्यावर तिचा जो चेहरा झाला त्याचं वर्णन मी टाळतो.

अप्पर एका कंपनीचा, लोअर दुसरीचा, कारण अप्परवर सूट होती. दोन्ही जोडून कानाशी हलवले तर खुळखुळ आवाज! दोघांत चांगलाच प्ले होता. त्यात रेंजवर १०० यार्डांवरून माझ्या गोळ्या कागदावर चार-पाच इंचांत पसरत होत्या, आणि शेजारच्या बाकावरच्या बाई तसल्याच रायफलीने दीड इंचात बसवत होत्या. निदान झालं. दोष खुळखुळीचा!

आता या रोगावर औषध मिळतं. लाल रबराचा एक छोटा तुकडा. तो लोअरच्या मागच्या कोपऱ्यात बसवला की अप्पर वर दाबला जातो आणि आवाज बंद होतो. तो जाड वाटला तर ब्लेडने थोडा तासायचा असतो. पण पैसे देऊन घेतलेली वस्तू कापायची, हे आमच्या घराण्यात बसत नाही. मी अख्खा तुकडा कोंबला. मागची पिन जाईना, म्हणून हातोडी आणली. पिन गेली. जाताना ॲल्युमिनिअमवर एक लांबलचक ओरखडा काढून गेली, पण खुळखुळ थांबली.

रेंजवर गोळ्या होत्या तितक्याच पसरल्या. एखादी जरा जास्तच.

तिथे एक निवृत्त मरीन शिकवायला असतात. त्यांनी त्यांची स्वतःची एआर माझ्या कानाशी धरून हलवली. ती माझ्यापेक्षा जास्त वाजत होती. मग म्हणाले, "नळी कशाला जोडलीय? अप्परला. बोल्टचे दाते कशात अडकतात? नळीच्या मागच्या टोकात. दुर्बीण कशावर? अप्परवर. खाली चाप, मॅगझीन आणि दस्ता. मग त्या दोन भागांत केसभर फट असली म्हणून गोळीला काय फरक पडतो?" ती फट मुळात मुद्दामच ठेवलेली असते; कुठलाही अप्पर कुठल्याही लोअरवर बसावा आणि सैनिकाला काडतुसाच्या टोकानेही पिन ढकलता यावी म्हणून. जुन्या एम-१४ ची गोष्ट वेगळी. तिचं लोखंड लाकडी दस्त्यात बसतं, तिथे बैठक ढिली झाली की नेम खरोखर भरकटतो. माझ्या डोक्यात बहुधा त्या रायफलीचं पथ्य होतं आणि हातात ही.

मग त्यांनी माझं मॅगझीन घेतलं, पाठ फिरवून भरलं आणि परत दिलं. मी गोळ्या झाडू लागलो. मध्येच एकदा चाप ओढला तर नुसतं टक्. आत बिनदारूचं खोटं काडतूस होतं. धमाका झालाच नाही, तरी माझी नळी चांगली खाली दबली, खांदा पुढे आला आणि डोळे गच्च मिटलेले! साताऱ्यात दिवाळीला सुतळी बॉम्बची वात पेटवायची वेळ आली की उदबत्ती धाकट्या बहिणीच्या हातात देणारा मी, आठ-नऊ हजार मैलांवर येऊनही तोच होतो. शेजारच्या बाईंनी सौजन्याने दुसरीकडे पाहिलं. आमची ही मात्र मोबाइलवर शूटिंग करत होती.

"आधी ते रबर काढू," मरीन म्हणाले. रायफल रिकामी करून त्यांनी पिन दाबली. हलेना. पंच लावला, हलेना. चष्मा पुसून त्यांनी तो ओरखडा नीट निरखला आणि विचारलं, "ही कुणी ठोकली?"

"कंपनीतूनच अशी आली," मी म्हणालो.

"रात्री साडेदहापर्यंत ठोकत होते," ही मागून स्वच्छ इंग्रजीत म्हणाली.