मी फोर्टला असते

लग्नाकार्यात कोणी नोकरीचं विचारलं की मी फक्त ‘फोर्टला असते’ म्हणते आणि गप्प बसते. कंपनीचं नाव सांगितलं तर ते कोणाला माहीत नसतं, हुद्दा सांगायचा तर तो मलाच धड सांगता येत नाही. ‘फोर्टला’ म्हटलं की समोरच्यापुढे आपोआप रिझर्व्ह बँक, हायकोर्ट, जाडजूड दगडी खांब असं सगळं उभं राहतं आणि पगार विचारायची कोणाची छाती होत नाही. प्रत्यक्षात माझ्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप दिसतो. बिडाचा आहे, म्हणजे तोही साहेबाच्या काळातलाच असणार, असं मी धरून चालते.

पण नुसतं असून भागत नाही, शोभावंही लागतं. म्हणून मी वाचून काढलं. सेंट थॉमस चर्च १७१८ सालचं. त्याच्या रोखाने कोटाला जो दरवाजा होता तो चर्चगेट, आणि तो आजच्या स्टेशनापाशी नव्हता, फ्लोरा फाउंटनपाशी होता. (हे वाक्य मी स्टेशनातून बाहेर पडताना, सोबत कोणी नवखं असेल तर, हमखास टाकते.) तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बॅक बेच्या भरावाचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. १८६५ साली युद्ध संपलं आणि भलेभले आडवे झाले. त्यात प्रेमचंद रायचंदही होते. तरी त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. इथे मी आवाज जरा खाली आणते.

हे सगळं मी साताऱ्याहून आलेल्या सासऱ्यांना हॉर्निमन सर्कलपाशी उभं करून ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, किल्ला कुठाय?”

“तो पाडला, बाबा. १८६० नंतर, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना.”

“तट?”

“तोही.”

“मग दरवाजा तरी?”

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आयुष्य काढलेल्या माणसापुढे याला उत्तर नसतं. मी त्यांना ऑफिस दाखवायला नेलं.

इथे मला लिफ्टबद्दल बोललंच पाहिजे. फोर्टची खरी ओळख मला पुस्तकांनी नाही, आमच्या लिफ्टने करून दिली. तिला जाळीचे दोन दरवाजे. बाहेरचा ओढला की खडखडतो, आतला ओढला की बोट चिमटतो. आत लिफ्टवाल्या मामांचं स्टूल, त्यांच्या डोक्यावर गणपतीचं कॅलेंडर, आणि उरलेल्या जागेत चार माणसं, तीही एकमेकांवर रागावलेली नसतील तर. ‘लिफ्टचा उपयोग फक्त वर जाण्यासाठी’ अशी पाटी. वरच्या मजल्यावर कोणी जाळी उघडी टाकून गेला की लिफ्ट जागची हलत नाही. मग मामा मान वर करून पोकळीत ओरडतात, “दरवाजाऽऽ!” आणि सगळ्या मजल्यांवरचे वकील, सीए, कस्टमचे एजंट आपापल्या खुर्चीतूनच “दरवाजाऽऽ!” म्हणून साथ देतात. उठत कोणीच नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नेमकी वीतभर खाली थांबते. मामा पितळी दांडा हलकेच मागेपुढे करतात, लिफ्ट एक उचकी देते आणि लादीला लादी लागते. ती लागेपर्यंत ते कोणाला पाय उचलू देत नाहीत, मग आत साक्षात सॉलिसिटर का असेना. दारातल्या पाटीवरच्या निम्म्या कंपन्या कधीच बांद्रा-कुर्ला संकुलात गेल्या. पण चुकीचा पत्ता घेऊन आलेल्याला कोणती कंपनी कुठे गेली, कोणती बुडाली आणि कोणाचं पार्टनरशी वाजलं, हे मामा पहिल्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत सांगून मोकळे होतात.

तर ती लिफ्ट बंद होती. पावसाळ्यापासून बंदच आहे. जिन्याखाली लाकडी टेकू लावलेत, आणि टेकूंच्या मधोमध स्टूल टाकून मामा बसलेले.

मालकाला फोन केला की तो भाड्याचा आकडा वाचून दाखवतो. १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी जवळपास होती तिथेच थांबली. त्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालक हात लावत नाही, आणि इतकं स्वस्त कुठे मिळणार म्हणून भाडेकरू हलत नाही. रविवारी हेरिटेज वॉकवाले येतात, कॅमेरे सगळे कमानींकडे. मीही त्यांच्यातलीच. कमानींची सालं मला तोंडपाठ, पण मागच्या गल्ल्यांतल्या इमारती कशाच्या जिवावर उभ्या आहेत, हे मी कधी कोणाला ऐकवलेलं नाही. २०२० च्या पावसाळ्यात जीपीओजवळची भानुशाली इमारत कोसळली आणि १० माणसं गेली. दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहतं आमच्याकडे. त्यांचं पोर टेकूंमधून लपाछपी खेळतं. मला ते बघवत नाही, आणि मी बघत बघत वर जाते.

बाबांनी टेकूला थापट मारून पाहिली. “ही पाचर बसलेली नाही.”

मामा ताडकन उठले. “तेच सांगतोय सगळा पावसाळा! गाव कुठलं तुमचं?”

“सातारा.”

“आम्ही पाटणचे.”

पुढचा अर्धा तास मला विचारतो कोण? जिल्ह्यातले वाडे, सागाचे खांब, कोणाच्या माडीला कसा टेकू दिला होता, सगळं निघालं. “बाबा, कोट पाडला तेव्हा इथे...” असं मी सुरू केलं.

“सूनबाई, जरा थांब,” बाबा म्हणाले. “हे काय म्हणतायत ते ऐकू दे.”

मग पाचर ठोकायला दोघं मिळून दगड शोधू लागले. अख्खा फोर्ट दगडी, पण सुटा दगड एक मिळेना. शेवटी मी तीन मजले चढून गेले आणि ऑफिसातलं लोखंडी पंचिंग मशीन घेऊन आले.