विकतचा हेमंत

मार्गशीर्ष सरता सरता पुण्याचा पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि पेठापेठांतून कानटोप्या दिसू लागतात. तथापि बाणेर-हिंजवडीकडच्या काचेच्या कचेऱ्यांत जो हेमंत नांदतो, तो बाहेरच्या या फुकट हेमंताशी कसलाही संबंध न ठेवता विजेच्या मीटरमार्फत रीतसर खरेदी केलेला असतो. रात्रीची व सकाळच्या प्रहरीची थंड हवा आत घेण्यास एक पंखा आणि धूळ गाळणारी जाळी एवढी सामग्री पुरे. परंतु उघडणारी खिडकी या इमारतींच्या शिल्पशास्त्रास मंजूर नसल्यामुळे, आणि दक्षिणेकडे कललेला सूर्य भर दुपारी काचेतून थेट मेजावर उतरत असल्यामुळे, आधी ऊन आत कोंडावयाचे व मग तेच बाहेर घालविण्यासाठी गच्चीवरील यंत्रे धडधडावयाची, असा शिरस्ता पडून गेला आहे.

सरकारने या बाबतीत काही केले नाही, असे कोणी म्हणू नये. २००१ साली ऊर्जा संवर्धन अधिनियम झाला, २००७ साली व्यापारी इमारतींसाठी संहिता आली, आणि २०१८ साली वातानुकूलन २४ अंशांवर ठेवण्याचा सल्ला देताना, एकेक अंश वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, हा हिशेबही मांडून दाखविण्यात आला. हा सल्ला गुळगुळीत कागदावर छापून लिफ्टशेजारी लावण्याची प्रथा सर्वत्र निष्ठेने पाळली जाते. भिंतीवरचा आकडा विसावरच राहतो.

आता, शाल पांघरूनही ज्याची बोटे कळफलकावर आखडतात, तो कारकून मेजाखाली एक लहानसा हीटर दडवितो, आणि येथून खऱ्या लीलेस प्रारंभ होतो. हीटरची ऊब जवळच्या तापमापकास पोचते, तो खोली तापल्याची वर्दी यंत्रास देतो, यंत्र अधिक गारवा सोडते, आणि त्या गारव्याने काकडलेला कारकून हीटरचा कान आणखी पिळतो. उभय पक्षांचा दारूगोळा एकाच मीटरवरून पुरविला जात असल्याने हा संग्राम कार्यालय सुटेपर्यंत सहसा थांबत नाही.

देयक पाहून व्यवस्थापनाने अर्थातच समिती नेमली. तापमापकाची जागा बदलणे किंवा त्यावरचा आकडा चार अंशांनी चढविणे, असल्या क्षुल्लक उपायांत तिने कालक्षेप केला नाही. हीटर जप्त करण्याचे फर्मान सुटले, आणि कर्मचाऱ्यांविषयीच्या वात्सल्याने प्रत्येकास संस्थेचे बोधचिन्ह विणलेला एकेक स्वेटर देण्याची तजवीज झाली. स्वेटरांची रक्कम ‘ऊर्जाबचत’ या शीर्षाखाली खर्ची पडली आहे.